सभासदाचा दहावा

ती घटना आठवली की आजही मला आधी कावळे दिसतात. मग नदीचा घाट, आणि मग एक म्हातारी बाई. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पेपरात फोटो येतील अशा कारवायाही केल्या. पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की ओठांवर हीच येते. हिच्यात रक्ताचा थेंब नाही. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. यातली बरीच माणसं अजून बदलापूरच्या बाजारात मला भेटतात आणि बळेच चहा पाजतात.

मी तेव्हा बदलापूर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या पट्ट्यात सभासदांनी सभासदांसाठी चालवलेली एक संस्था होती. जुन्या कारखान्यांतल्या कामगारांनी ती काढलेली. दरमहा थोडी वर्गणी भरायची, आणि सभासद गेला की ठरलेली रक्कम त्याच्या घरी पोचायची. मालक नाही, एजंट नाही, जाहिरात नाही. सोनिवलीचा शेतकरी, विठ्ठलवाडीच्या चाळीतला फिटर आणि उल्हासनगरचा कापडवाला, तिघेही तिचे सारखेच मालक.

या संस्थेच्या काही रीती होत्या. सभासद गेला की त्याला खांदा द्यायला संस्थेची माणसं जाणार. खांदा दिलेल्यांपैकी दोघांची साक्ष हाच संस्थेचा दाखला. संध्याकाळी त्या घरी कडू घास, म्हणजे पिठलं-भाकरी, संस्थेच्याच बायका पोचवणार, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. आणि तेराव्याच्या आत चेक घरी जाणार. पोस्टाने नाही, ऑफिसात बोलावून नाही. दोन सभासद तो हातात घेऊन जाणार, एक त्याच गल्लीतला आणि एक परगावचा. पोलिसाला संस्था म्हटलं की आधी घोटाळा आठवतो, त्यामुळे सुरुवातीला मी या कौतुकाकडे तिरक्या नजरेनेच पाहिलं होतं. पण तिच्याविरुद्ध साधा तक्रारअर्जही कधी माझ्या टेबलावर आला नाही.

त्या वर्षी मात्र मोबाइलवर एक मेसेज फिरू लागला. संस्था खलास झाली आहे, दिवाळीच्या आत बुडणार, ज्याने-त्याने आपलं बघून घ्यावं. खाली "आपल्या माणसांना नक्की पाठवा" असं लिहिलेलं. आपली माणसं असल्या बाबतीत फार आज्ञाधारक असतात. संस्थेच्या अंबरनाथच्या ऑफिससमोर गर्दी व्हायला लागली.

त्याच सुमारास, पावसाळा सरत आला असताना, सोनिवलीचा एक सभासद बेपत्ता झाला. चाळिशीतला माणूस, एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर. त्याची मोटारसायकल नदीच्या पुलावर मिळाली आणि कठड्यापाशी चपला. मोठ्या भावाने मिसिंगची नोंद केली. नदीला जोर होता. काही दिवसांनी खालच्या अंगाला झुडपात अडकलेलं एक प्रेत सापडलं.

पाण्यात राहिलेल्या प्रेताचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांना जेवायचं असतं. मोठा भाऊ नाकाला रुमाल लावून शवागारात गेला आणि "माझाच हो, माझाच" म्हणत खाली बसला. पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं, डॉक्टरांनी नियमाप्रमाणे दात आणि हाडाचा नमुना राखून ठेवला, आणि प्रेत भावाच्या ताब्यात दिलं. गुंडाळलेलंच ते जाळलं. संस्थेची माणसं खांद्याला होती.

दुसऱ्या दिवशी पालेगावहून एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा तिकडच्या नव्या इमारतींवर वॉचमन होता. सुट्टीला नदीवर गळ टाकायला गेला तो आला नव्हता. "नदीत कोण मिळालं म्हणतात, ते आमचं माणूस न्हाई ना?" तिने विचारलं. ठाणे अंमलदाराने सांगितलं, त्याची ओळख पटली, सख्खा भाऊ घेऊन गेला. बाईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "मग जित्ते आहेत आमचे," असं म्हणून ती चक्क हसली. पोलीस ठाण्यातून हसत बाहेर पडणारं माणूस क्वचित दिसतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

सोनिवलीच्या सभासदाच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी संस्थेचे सचिव माझ्याकडे आले. हे उल्हासनगरचे एक सिंधी शेठजी. कापडाचं दुकान मुलांच्या हाती देऊन संस्थेचं काम बिनपगारी करायचे. खुर्चीवर बसायच्या आतच त्यांनी सुरुवात केली.

"साहेब, ऑफिसला एक फोन आला. बोलला, सोनिवलीवाला मेला नाही, मैंने देखा है. बस, फोन कट."

"चेष्टा करणारे पुष्कळ असतात, शेठजी."

"तेच तर. चेष्टा निघाली तर?" त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. "हे बघा. मी चेक दिला आणि तो जिवंत निघाला, तर लोक बोलणार, ह्या संस्थेला कोणी पण टोपी घालतो. चेक रोकला आणि तो खरंच मेलेला असला, तर बोलणार, बघा, पैसा संपला, म्हणून बहाणा चालला. तेराव्याच्या आत चेक गेला नाही, असं आजपर्यंत झालं नाही. पुराच्या साली मी होडीत बसून गेलोय, साईं."

"पण पैसे आहेत ना?" मी विचारलं.

ते त्यांना लागलं. "पैसा आहे. बँकेत आहे, सरकारी रोख्यात आहे. कुणा बिल्डरला दिला नाही, कुणा पुढाऱ्याला दिला नाही. पैशाची मला काळजी नाही. पण भरोसा बँकेत ठेवता येतो काय? ह्या हफ्त्यात एक चेक चुकला ना साहेब, तर उद्या वर्गणी कोणी भरणार नाही. मग संस्था खरीच बुडणार."

त्यांची इकडे आड तिकडे विहीर झाली होती. आणि सभासद खरंच गेला असेल तर त्याच्या बायकोच्या दारात आम्ही पोलीस संशय घेऊन उभे राहणार होतो, ते वेगळंच. "तेराव्याला सकाळी मला फक्त हो किंवा नाही सांगा," असं म्हणून ते उठले. आमचे वरिष्ठ सोडले तर मला असा हुकूम कुणी दिला नव्हता. पण मला राग आला नाही.

फोन कुणाचा ते शोधायला फार वेळ लागला नाही. विठ्ठलवाडी डेपोसमोरचा एक चहावाला. हवालदाराने त्याला आणून समोर उभं केलं. हा माझा हवालदार इथलाच भूमिपुत्र, तोंडाचा फटकळ आणि कामाचा पक्का. त्याने चहावाल्याचा मोबाइल माझ्यापुढे धरला. संस्था बुडणार हा मेसेज पठ्ठ्याने मिळेल त्या ग्रुपवर ढकलला होता.

"साहेब, अफवा पण ह्याचीच आणि फोन पण ह्याचाच. चेक अडकवायचा डाव आहे," हवालदार म्हणाला.

"आईशप्पथ नाय साहेब," चहावाला रडकुंडीला आला. "मी स्वतः मेंबर आहे. पैशाचं टेन्शन आलं म्हणून फॉरवर्ड केला. आणि फोन... परवा ऑफिसात त्याच्या फोटोला हार बघितला तेव्हा माझी फाटली. ज्या दिवशी त्याची गाडी पुलावर मिळाली ना, त्याच दुपारी तो माझ्यासमोर एसटीत चढला. मुरबाडकडची गाडी."

"तोंड बघितलंस?"

"मास्क होता. पण चाल तीच. उजवा पाय फेकून चालतो तो. मीटिंगला मी चहा द्यायचो ना, मला माहितीय."

"शंभर टक्के?"

त्याने थोडा विचार केला. "शंभर नाय साहेब. सत्तर पकडा."

सत्तर टक्क्यांवर भाजीचा भाव ठरतो, गुन्हा ठरत नाही. बेपत्ता माणसाचा मोबाइल पुलावरच बंद झाला होता. घरच्यांच्या फोनवर संशय घ्यावा असं काही नव्हतं.

दुपारी आम्ही सोनिवलीला गेलो. नव्या इमारतींच्या मागे जुनं कौलारू घर, पुढे ओटा, मागे पडवी. बायको भिंतीला टेकून बसली होती. हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, मंगळसूत्र तसंच आहे. कुंकूही." ते तिथे आलेल्या संस्थेच्या एका बाईने ऐकलं आणि ती ताडकन म्हणाली, "तो आमचा ठराव आहे, दादा. आमच्या सभासदाच्या बायकोचं कुंकू कुणी पुसायचं नाही. तिच्यावर कशाला संशय घेता?" हवालदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं.

मी बायकोला विचारलं, "ताई, घरात काही भांडण? कुणाशी वैर?"

"काय नाय, साहेब." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तोंड बघू दिलं नाय त्यांचं. सगळे बोलले, नको बघू. पैशाचं राहू दे हो. तोंड तरी एकदा दाखवायचं होतं." तिच्या शेजारी दहावीतली मुलगी बसली होती, आईचा हात घट्ट धरून. या बाईचं दुःख खोटं असेल तर मी वर्दी उतरवायला तयार होतो.

मोठ्या भावाला बाजूला घेऊन मी विचारलं, "प्रेत डोळ्यांनी ओळखलंस की मनाने?" तो गोंधळला. "साहेब, गाडी पुलावर, चपला पुलावर, प्रेत नदीत. दुसरा कोण असणार?" मला नोकरीत हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. वाट पाहून थकलेलं माणूस शवागारात पुरावा शोधायला जात नाही, शेवट शोधायला जातं. तो खोटं बोलत नव्हता. पण त्याच्या ओळखीवरचा माझा विश्वास तिथेच डळमळला.

मयताची आई मागच्या पडवीत होती. संस्थेच्या बायका तिचं कौतुक करत होत्या. पहिल्या दिवसापासून तिने कडू घासाला हातही लावला नव्हता. मागे तीन दगड मांडून मूठभर भात स्वतःच शिजवून खात होती. "सुतकात चूल पेटवू नये म्हटलं तर ऐकत नाही. लेकाच्या दुःखानं हट्टी झालीय," त्या म्हणाल्या. मीही तेच समजलो आणि गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर दहावा होता. मी साध्या कपड्यांत मागे उभा राहिलो. गर्दी भरपूर होती, आणि सगळे काही मयतासाठी आले नव्हते. संस्था आता काय करते हे बघायला आलेलेच जास्त. गुरुजींनी पिंड ठेवला आणि लोक मागे सरले.

कावळे समोरच्या झाडावर होते, पण खाली येईनात. कुजबूज वाढली. भाऊ पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "तुझ्या पोरीला मी शिकवीन रे." कावळे जागचे हलले नाहीत. बायको म्हणाली, "तुमच्या आईला मी सांभाळीन." काही नाही. तेवढ्यात गर्दीतून शेठजी पुढे आले. त्यांनी पांढरा रुमाल डोक्याला बांधला होता. जड आवाजात म्हणाले, "साईं, तू जा आता. तुझा चेक तेराव्याला येणार. मी स्वतः आणणार."

त्या क्षणी एक कावळा सुटला आणि थेट पिंडाकडे आला. गर्दीतून हुश्श असा आवाज निघाला. आणि बायकांमध्ये बसलेली ती म्हातारी उठली, तिने मातीचं ढेकूळ उचललं आणि कावळ्याला मारलं.

"हाऽ हाऽ! नीघ! नीघ हितनं!"

कावळा उडाला. बायकांनी तिला धरून बसवलं. कुणी रडायला लागलं. "आईचं काळीज ते, कसं मानणार," हवालदार पुटपुटला. मलाही आधी तसंच वाटलं. पण मी तिचा चेहरा पाहत होतो. दुःख मी ओळखतो. नोकरीभर लोकांच्या दारात वाईट बातम्याच घेऊन गेलो आहे. हे दुःख नव्हतं. ही बाई घाबरली होती.

कावळे काही पुन्हा आले नाहीत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. सगळ्यांच्या नजरा पिंडावर होत्या. म्हातारीने घाईघाईने पदराआड दोन्ही हात कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली.

पोरं बाहेरून आली की माझी आई असंच करायची. इडापीडा टळो. दृष्ट जिवंत माणसाची काढतात, मेलेल्याची कुणी काढत नाही.

ठाण्यात परतल्यावर मी बेपत्ता पुरुषांची यादी मागवली. वय, उंची, तारीख. पालेगावचा वॉचमन वर आला. ती हसत गेलेली बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पंचनाम्यात प्रेताच्या अंगावर निळा शर्ट लिहिलेला होता. हवालदाराला मी तिच्याकडे पाठवलं, नवऱ्याच्या अंगावर कोणता शर्ट होता एवढंच विचारून यायला. दोन तासांत तो परत आला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत खोबऱ्याचा तुकडा होता.

"निळा शर्ट, साहेब," तो म्हणाला. "नवरा जिवंत आहे असं पोलिसांनी सांगितलं म्हणून बाईने देवीला नारळ वाढवला. चाळीत प्रसाद वाटला. माझ्या पण हातावर ठेवला. मला खाववेना."

तो तुकडा घेऊन मी पुन्हा सोनिवलीला गेलो. सोबत एक महिला शिपाई. म्हातारी पडवीत तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आजी, घाटावर कुणाची दृष्ट काढलीत?"

तिचा हात सुपात थांबला. मी धमकी दिली नाही. पोलिसी खाक्यापुढे गळून पडणाऱ्यांतली ती नव्हती, हे मला दिसत होतं. मी रुमाल उलगडून खोबरं तिच्यापुढे ठेवलं.

"हा पालेगावच्या एका बाईच्या नारळाचा प्रसाद आहे. तिचा नवरा नदीवर गेला होता, आला नाही. त्याच्या अंगात निळा शर्ट होता. तुमच्या थोरल्याने निळ्या शर्टातलं माणूस आणून जाळलं. ती बाई समजतेय की तिचा माणूस जिवंत आहे. आजी, तुमचा लेक जिवंत असेल, तर मग मेलं कोण?"

ती खोबऱ्याकडे बघत राहिली.

"माजा जिता हाय, सायब," ती म्हणाली. "मना सांगून गेला. बोलला, आये, कुनाला बोलू नको, थोड्या दिसांनी पैसं आलं का बायको-पोरीला बोलावतो. मी व्हय बोलली. मंग ह्ये प्रेत आलं. कुनाचं आलं मना काय ठावं? थोरल्यानं आनलं, जालून बी टाकलं. तोंड उघारलं तर लेक तुरुंगान. नाय उघारलं तर जित्या लेकाचा पिंड. कडू घास मी कसा गिळू? तू सांग, सायब. मी काय करायचं व्हतं?"

तिने खोबऱ्याचा तुकडा पदराच्या टोकात बांधला आणि मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आपल्या भावाची वाडी आहे तिचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता आम्ही तिथे पोचलो. हा गडी मामाच्या अंगणात कुंपणाला काटे बांधत होता. जीप बघून पळाला नाही. उजवा पाय फेकत दोन पावलं पुढे आला आणि उभा राहिला.

"का केलंस?" मी विचारलं. कर्ज, जुगार, बाई, मी मनात सगळी यादी तयार ठेवली होती. यातलं काहीच निघालं नाही.

"साहेब, वीसेक वर्षं वर्गणी भरली," तो म्हणाला. "एक महिना चुकवला नाय. मग मेसेज आला, संस्था दिवाळीच्या आत बुडणार. पैसे परत मागितले तर मिळत नाय, नियमच तसा आहे. मेल्यावरच मिळतात. आणि मी कधी मरणार? तोपर्यंत संस्था राहणार काय? म्हणून म्हटलं..."

"म्हणून आधीच मेलास."

"व्हय."

हवालदाराने कपाळावर हात मारला. "अरे, बँक बुडते म्हटल्यावर लोक पैसे काढून घेतात. तू जीव काढून घ्यायला निघालास!" मला हसू आलं नाही. रोज घाम गाळून भरलेली पै-पै बुडणार, या भीतीने शहाणीसुरती माणसं काय करतील याचा नेम नसतो. त्याला वाटलं होतं, पुलावर चपला ठेवल्या की झालं. प्रेत सापडलं हे त्याला माहीतच नव्हतं. "तुला जाळलं, काल तुझा दहावाही झाला," असं मी सांगितलं.

"कुणाला जाळलं?" त्याने विचारलं.

फसवणुकीच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला, कोर्टापुढे उभा केला. त्याला जामीन मिळाला तो नेमका तेराव्याच्या सकाळी. शेठजींना मी 'नाही' कळवलं होतं. तरी ते म्हणाले, "मी सगळ्यांपुढे शब्द दिलाय. जाणार." म्हणून मीही गेलो.

सोनिवलीच्या त्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चेक येतो की नाही, एवढाच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. शेठजी रिकाम्या हाताने गाडीतून उतरले तशी गर्दीत चुळबूळ झाली. "बघा, सांगत होतो ना," कुणीतरी मोठ्याने म्हणालं. मग त्यांच्या मागून तो उतरला.

बायको ओट्यावरून खाली आली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, नीट. मग एक सणसणीत ठेवून दिली आणि त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मागून एक म्हातारा म्हणाला, "आता बारसं करा याचं नव्यानं."

शेठजी लोकांकडे वळले. "सभासद जिवंत आहे. म्हणून चेक नाही. विठ्ठलवाडीला एक सभासद खरा गेलेला, त्याच्या घरी आज सकाळी चेक पोचला, जाऊन विचारून या. पैसा कुठे-कुठे ठेवलाय ते ऑफिसात येऊन बघा, मी चहा पाजतो. पण भाई, मरायची घाई करू नका." लोक हसले. त्या हसण्यात अफवेचा अर्धा जीव गेला. उरलेला अर्धा आम्ही घेतला. मेसेज उल्हासनगरातल्या एका दामदुप्पट योजनावाल्याचा निघाला. त्याला संस्थेचे सभासद फोडायचे होते.

इथे ही केस संपायला हवी होती. वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पण राखून ठेवलेल्या दाताचा आणि पालेगावच्या वॉचमनच्या लेकरांच्या रक्ताचा अहवाल यायचा होता. काही आठवड्यांनी तो आला. नमुने जुळले होते.

शेठजींना मी कळवलं ते केवळ माहितीसाठी. "तो मेंबर नव्हता," मी म्हणालो, "तुमचा काही संबंध येत नाही."

"कसा नाही?" ते म्हणाले. "खांदा आम्ही दिला. आपला म्हणून दिला. आता नाही कसं बोलणार?" सभासदांच्या ठेवीला नियमाने हात लावता येत नव्हता. संस्थेचा एक सेवा निधी होता, वह्यापुस्तकांचा आणि औषधपाण्याचा. त्यातून त्या लेकरांच्या शिक्षणाचा भार संस्थेने उचलला. वर प्रत्येकाने आपल्या खिशातून घातलं ते निराळं.

त्या बाईला सांगायला मी स्वतः गेलो. ठाण्यातून ती हसत गेली होती, म्हणून दुसऱ्या कुणाला पाठवणं मला जमलं नाही. ती ओरडली नाही. "मग मी नारळ कुणासाठी वाढवला?" एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

संध्याकाळी रीतीप्रमाणे दोघं आले. परगावचे म्हणून शेठजी. पालेगावच्या त्या गल्लीत संस्थेचं कुणीच नव्हतं, म्हणून दुसरा कोण आणायचा हा प्रश्न होता. शेठजींच्या मागे तो सोनिवलीचा उभा होता, मान खाली घालून. आणि त्याच्या मागे त्याची आई, डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत पिठलं-भाकरी होती.

लोक मला विचारतात, या केसने काय शिकवलं. मी सांगतो, पैसा कुठे ठेवलाय याचा तपास सोपा असतो. भरोसा कुठे ठेवलाय ते कडू घासाच्या वेळीच कळतं. आणि ओळख पटली असं कागदावर लिहिताना मी त्यानंतर नेहमी एकदा थांबलो.

म्हातारीने पाटी उतरवली. पदराच्या टोकाची गाठ सोडली, त्यातलं वाळलेलं खोबरं काढून त्या बाईच्या ओटीत ठेवलं. मग भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, आणि घास त्या बाईपुढे धरण्याआधी स्वतःच्या तोंडात घातला. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. शेजारी तिचा जिवंत लेक उभा होता.

"ह्यो तुज्या मानसाचा घास," ती म्हणाली. "माज्या घरान येऊन पडलेला. मी तवाच खायाला पायजे व्हता."